पाण्यात प्रकाश हळू का होतो, आणि बाहेर येताच पुन्हा वेग कसा घेतो?

प्रश्न असा आहे: पाण्यात किंवा काचेत शिरल्यावर प्रकाशाचा वेग कमी होतो असं पुस्तकात असतं. मग काचेतून बाहेर पडल्याक्षणी तो पुन्हा पूर्ण वेगाने कसा धावतो? त्याला धक्का कोण देतं? आणि काचेतले अणू प्रकाश शोषून घेतात, क्षणभर धरून ठेवतात, मग पुढच्या अणूकडे सोडतात आणि म्हणून उशीर होतो, हे अनेक ठिकाणी दिलेलं स्पष्टीकरण बरोबर आहे का?

धक्का कोणी देत नाही, त्याची गरजच नसते. आणि शोषून सोडण्याचं स्पष्टीकरण चुकीचं आहे. मी दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिला आपोआप सुटतो. भिंगं, प्रिझम आणि काचांचे अपवर्तनांक (प्रकाश काचेत किती पट मंदावतो ते सांगणारे आकडे) मोजणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हे स्पष्टीकरण पक्कं बसलेलं असतं. ते काढून टाकण्याचा मी आग्रह धरतो, कारण त्यातून ना अपवर्तन समजतं, ना परावर्तन, ना काच पारदर्शक का असते हे. खरं चित्र कळलं, तर ही सगळी एकाच क्रियेची रूपं असल्याचं दिसतं.

अणूंनी किंवा रेणूंनी प्रकाश खरोखर शोषून नंतर सोडला तर काय होतं, हे आपण प्रत्यक्ष पाहू शकतो. हायलायटर पेनाची शाई अतिनील दिव्याखाली झळकते ती याच क्रियेने. तिला फ्लुरोसन्स म्हणतात. त्यात तीन गोष्टी घडतात. बाहेर पडणारा प्रकाश सगळ्या दिशांना पसरतो, कारण कुठून आलो होतो याची आठवण रेणूकडे उरत नाही. त्याचा रंग सहसा बदलतो. आणि शोषणं व सोडणं यांत साधारण काही नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग) जातात. आता पाण्याकडे पाहा. लेसरचा किरण स्वच्छ पाण्यातून सरळ रेषेत, त्याच रंगाचा, तसाच बारीक बाहेर येतो. उशिराचं म्हणाल, तर एक सेंटीमीटर अंतर निर्वातात कापायला प्रकाशाला सुमारे ३३ पिकोसेकंद (नॅनोसेकंदाचे हजारावे भाग) लागतात आणि पाण्यात सुमारे ४४. फरक फक्त ११ पिकोसेकंदांचा. त्या सेंटीमीटरमध्ये प्रकाश एकदा जरी शोषला जाऊन सोडला गेला असता, तरी उशीर याच्या शेकडो पट झाला असता. आणि एका सेंटीमीटरच्या वाटेत रेणूंचे तीन कोटींच्या आसपास थर येतात!

याहून पक्का पुरावा व्यतिकरणमापकावर मिळतो. एकाच किरणाचे दोन भाग करायचे, एकाच्या वाटेत काचेची पट्टी ठेवायची आणि दोन्ही भाग पुन्हा एकत्र आणायचे. अणू प्रकाश धरून आपापल्या वेळी सोडत असते, तर काचेतून आलेल्या भागाचा दुसऱ्या भागाशी ताळमेळ उरला नसता आणि काळ्या-उजळ पट्ट्या पुसल्या गेल्या असत्या. प्रत्यक्षात पट्ट्या तितक्याच ठळक राहतात, फक्त सरकतात. किती सरकल्या हे मोजून काचेचा अपवर्तनांक दशांश चिन्हानंतर पाच-सहा घरांपर्यंत काढता येतो. काचेतून जाताना लाटेची लय कणभरही विस्कटत नाही. उशीर होतो, पण तो अत्यंत शिस्तीत होतो. त्यामुळे त्याचं कारणही तितकंच शिस्तीचं असायला हवं.

ते कारण असं. प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लाट आहे. दृश्य प्रकाशात हे विद्युत क्षेत्र सेकंदाला सुमारे ४०० ते ७५० लाख कोटी वेळा वर-खाली होतं. पाण्याच्या किंवा काचेच्या प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन आहेत. क्षेत्र वर गेलं की ते एका बाजूला ओढले जातात, खाली गेलं की दुसऱ्या. लाटेच्या तालावर ते डोलू लागतात. आणि डोलणारा विद्युतभार स्वतः लाट सोडतो, अगदी त्याच वारंवारतेची. इथे इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर उडी मारत नाही आणि काही धरूनही ठेवत नाही. क्षेत्र आहे तोवर डोलणं आहे, क्षेत्र गेलं की डोलणं थांबलं.

म्हणजे काचेच्या आत एक लाट नसतेच. बाहेरून आलेली मूळ लाट असते आणि असंख्य इलेक्ट्रॉनांनी सोडलेल्या छोट्या लाटा असतात. यातली प्रत्येक लाट निर्वातातल्या वेगानेच, सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटरनेच धावते. अणूंच्या मधली जागा रिकामीच आहे, तिथे वेगळा वेग येणार कुठून? आपल्याला दिसते ती या सगळ्यांची बेरीज. ती बेरीज हळू जाते.

बेरीज हळू का जाते हे समजायला काचेचा एक अतिपातळ थर घ्या. त्यातले सगळे इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात आणि पुढच्या दिशेला एक क्षीण लाट पाठवतात. गणित केलं तर ही लाट मूळ लाटेपेक्षा पाव आवर्तनाने मागे असते. मोठ्या लाटेत अशी मागे पडलेली छोटी लाट मिसळली की बेरजेची उंची जवळजवळ तीच राहते, पण माथा किंचित उशिरा येतो. पुढचा थर या बेरजेवर डोलतो आणि माथ्याला आणखी किंचित मागे ढकलतो. थरामागून थर हे साचत गेलं की परिणाम असा दिसतो, की लाटेचे माथे कमी वेगाने पुढे सरकत आहेत. निर्वातातल्या वेगाला या वेगाने भागलं की अपवर्तनांक मिळतो. पाण्याचा १.३३, साध्या क्राउन काचेचा सुमारे १.५२, हिऱ्याचा २.४२. हिऱ्यात कार्बनचे अणू इतके दाटीने बसलेले असतात की तिथे माथ्यांचा वेग सेकंदाला १,२४,००० किलोमीटरवर येतो.

पॉल इवाल्ड आणि कार्ल विल्हेल्म ओसीन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९१०च्या दशकात याचं पूर्ण गणित मांडलं. त्यातून निघालेला निष्कर्ष मला अजूनही विलक्षण वाटतो: सगळ्या छोट्या लाटांच्या बेरजेत एक भाग असा असतो, जो मूळ लाटेला माध्यमाच्या आत पूर्णपणे रद्द करतो, आणि उरलेला भाग म्हणजे नव्या वेगाने जाणारी लाट. काचेत शिरलेला प्रकाश हा त्या अर्थाने काचेनेच घडवलेला असतो.

आता बाहेर पडण्याची गोष्ट. काच संपली म्हणजे डोलणारे इलेक्ट्रॉन संपले. माथे मागे ढकलणारं पुढे कोणीच नाही, म्हणून माथे पुन्हा पूर्ण वेगाने जातात. आत झालेला उशीर भरून निघत नाही, तो कायम राहतो. फक्त नवा उशीर होणं थांबतं. ऊर्जेचा प्रश्न इथे येत नाही, कारण एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या सर्वांत छोट्या पुडक्याची, ऊर्जा वेगावर नसून वारंवारतेवर ठरते आणि वारंवारता कुठेच बदललेली नाही. बाहेरची लाट ज्या तालावर येते त्याच तालावर इलेक्ट्रॉन डोलतात आणि त्याच तालावर लाट सोडतात. दुसरा ताल आणणार कोण?

बदलते ती तरंगलांबी. हवेत ६०० नॅनोमीटर असलेला नारिंगी प्रकाश पाण्यात ४५० नॅनोमीटरचा होतो. इथे हमखास विचारलं जातं, की ४५० म्हणजे निळा; मग पाण्यात बुडी मारल्यावर नारिंगी वस्तू निळी का दिसत नाही? कारण रंग ठरवणारे डोळ्यातले रेणू वारंवारतेला, म्हणजे फोटॉनच्या ऊर्जेला प्रतिसाद देतात. शिवाय दृष्टिपटलापर्यंत पोचणारा प्रकाश नेहमीच डोळ्यातल्या पाणीदार द्रवातून जातो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३६ आहे. तुम्ही हवेत असा की पाण्यात, शेवटच्या टप्प्यावरची तरंगलांबी तीच असते.

किरण वाकतो तो या मंदावण्याचाच परिणाम आहे. लाटेचा माथा ही एक लांब रेषा समजा. ती पाण्यावर तिरकी आली तर तिचं एक टोक आधी पाण्यात शिरतं आणि मंदावतं. दुसरं टोक अजून हवेत, पूर्ण वेगात. रेषा वळते आणि तिच्याबरोबर किरणाची दिशाही. दोन्ही माध्यमांतले माथे सीमेवर एकमेकांना जुळून राहायला हवेत, एवढ्या एका अटीतून अपवर्तनाचा नियम निघतो. हा नियम दहाव्या शतकाच्या शेवटी, ९८४च्या सुमारास, बगदादमध्ये इब्न सहल याने भूमितीच्या रूपात वापरला होता. युरोपात विलेब्रॉर्ड स्नेलने तो १६२१ साली शोधला आणि देकार्तने १६३७ साली छापला. लाटेचं चित्र मात्र सहज स्वीकारलं गेलं नाही. न्यूटनच्या मते प्रकाश म्हणजे कण, आणि पाणी त्यांना आत ओढतं म्हणून ते वाकतात. या हिशेबाने पाण्यात वेग वाढायला हवा. निवाडा १८५० साली झाला. लेआँ फुकोने वेगाने फिरणारा आरसा वापरून हवेतल्या आणि पाण्यातल्या प्रकाशाची थेट तुलना केली आणि पाण्यातला प्रकाश मागे पडतो हे दाखवलं. त्यात त्याला वेगाचा आकडा काढायची गरज नव्हती. कोण मागे राहतो एवढंच पाहायचं होतं, आणि प्रयोगाची सगळी ताकद त्या साधेपणात आहे.

पाण्याखाली उघड्या डोळ्यांनी धूसर दिसतं, त्याचंही कारण इथेच आहे. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचं एकक), त्यातली सुमारे ४३ पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची. पण ती पारपटल आणि हवा यांच्यातल्या अपवर्तनांकाच्या फरकावर उभी आहे. समोर हवेऐवजी पाणी आलं की फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि प्रतिमा दृष्टिपटलाच्या बरीच मागे जाते. पोहण्याचा गॉगल डोळ्यासमोर हवेचा थर परत आणतो, त्याचं काम एवढंच.

परावर्तनाला वेगळं कारण शोधावं लागत नाही. डोलणारे इलेक्ट्रॉन फक्त पुढे लाट पाठवत नाहीत, मागेही पाठवतात. काचेच्या आत खोलवर एका थराची मागे जाणारी लाट आणि त्याहून पाव तरंगलांबी खाली असलेल्या थराची लाट एकमेकींना पुसून टाकतात. अशा जोड्या लागत जातात. फक्त पृष्ठभागाजवळच्या, तरंगलांबीच्या काही अंशाइतक्या पातळ भागाला जोडीदार पुरत नाही आणि तिथून प्रकाश मागे फिरतो. सरळ समोरून पडलेल्या प्रकाशाचा पाण्यावरून २ टक्के, काचेवरून ४ टक्के, हिऱ्यावरून १७ टक्के भाग परततो.

चार टक्के ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण भिंगं बनवणाऱ्यासाठी ती मोठी अडचण आहे. कॅमेऱ्याच्या एखाद्या लेन्समध्ये दहा भिंगं सुटी बसवली तर वीस पृष्ठभाग होतात. प्रत्येक ठिकाणी ४ टक्के गेले तर शेवटी ४४ टक्केच प्रकाश उरतो. बाकीचा आत इकडून तिकडे आपटत चित्रावर पांढुरकी झाक आणतो. उपाय त्याच तत्त्वात आहे. काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर चढवायचा. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींच्या विरुद्ध पडतात आणि ४ टक्क्यांचा सव्वा टक्का होतो. मग वीस पृष्ठभागांनंतर सुमारे ७७ टक्के प्रकाश पोचतो. लेन्सवर जांभळट झाक दिसते ती याचीच: थर हिरव्या-पिवळ्यासाठी जुळवलेला असतो, दोन्ही टोकांचे रंग थोडे जास्त परततात.

परावर्तन अपवर्तनांकाच्या फरकावर अवलंबून आहे हे स्वतः पाहायचं असेल, तर बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरिनमध्ये बुडवा. दोघांचेही अपवर्तनांक १.४७च्या आसपास. बुडालेला भाग दिसेनासा होतो. काच तिथेच असते, पण प्रकाशाला सीमाच लागत नाही. याच्या उलट तीच काच कुटून पूड केली तर ती पांढरीशुभ्र दिसते, कारण आता प्रत्येक कणाचे पृष्ठभाग ४ टक्के परत पाठवत आहेत आणि ते हजारो आहेत. बर्फाचा तुकडा पारदर्शक पण हिम पांढरं, याचं कारणही हेच. वस्तूचा पदार्थ कोणता यापेक्षा त्याच्यात सीमा किती आहेत, हे इथे महत्त्वाचं ठरतं.

आता सर्वांत जास्त वेळ द्यावा असा भाग: पाणी पारदर्शक का आहे? प्रत्येक रेणू लाट सोडतो आणि ती सगळ्या दिशांना जाते असं म्हटलं, तर बाजूला प्रकाश का दिसत नाही? यासाठी आकडे पाहू. ५०० नॅनोमीटर बाजूचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या एका तरंगलांबीएवढा घन घेतला, तर त्यात पाण्याचे सुमारे ४०० कोटी रेणू मावतात. इतक्या दाट गर्दीत बाजूला लाट पाठवणाऱ्या प्रत्येक रेणूला, अर्धी तरंगलांबी पलीकडे, नेमकी उलट लाट पाठवणारा दुसरा रेणू सापडतो. बाजूच्या सगळ्या लाटा अशा मिटतात. पुढच्या दिशेला मात्र सगळ्यांच्या लाटा एकाच तालात पोचतात, कारण मूळ लाटच त्यांना क्रमाने हलवत गेलेली असते. म्हणून प्रकाश सरळ जातो. पारदर्शकता म्हणजे प्रकाशाने पदार्थाला न शिवता जाणं नव्हे. प्रत्येक रेणू त्यात भाग घेतो, आणि सगळ्यांनी भाग घेतल्यामुळेच वाट सरळ राहते.

हे मिटणं पूर्ण असायला रेणू अगदी समान पसरलेले हवेत, आणि द्रवात ते तसे नसतात. उष्णतेमुळे क्षणाक्षणाला कुठे घनता किंचित वाढते, कुठे घटते. तेवढा प्रकाश बाजूला निसटतो. यालाच विकिरण म्हणतात. स्मोलुखोव्स्कीने १९०८ साली हा विचार मांडला आणि आइनस्टाइनने १९१० साली त्याचं सूत्र दिलं. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेचं मत होतं. रामन यांनी निकोल प्रिझममधून (तो एकाच दिशेत डोलणाऱ्या लाटा जाऊ देतो), परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो, म्हणजे एकाच दिशेत डोलतो, त्या कोनातून समुद्राकडे पाहिलं. आकाशाचं प्रतिबिंब पुसलं गेलं, आणि समुद्र तरीही निळा होता. तो निळा प्रकाश पाण्याच्या आतून, रेणूंकडून विखरून येत होता. द्रवांतल्या विकिरणाच्या याच शोधातून पुढे २८ फेब्रुवारी १९२८चा रामन परिणाम (विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलणं) निघाला.

पण समुद्राच्या निळ्या रंगात दुसरा वाटा आहे आणि माझ्या मते तो अधिक मोठा आहे: शोषण. पाणी रंगहीन नाही. त्याच्या रेणूतले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध अवरक्त वारंवारतेने थरथरतात आणि त्या थरथरण्याचे वरचे सूर दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापर्यंत पोचतात. ७०० नॅनोमीटरचा गडद तांबडा प्रकाश शुद्ध पाण्यात एका मीटरला जवळजवळ निम्मा होतो. पाच मीटरनंतर ४-५ टक्केच उरतो. ४५० नॅनोमीटरचा निळा मात्र तेवढ्या अंतरानंतरही ९५ टक्के शिल्लक असतो. पाण्यात बुडी मारणाऱ्यांना काही मीटरांखाली लाल रंग काळपट दिसतो तो यामुळे. याची खातरजमा जड पाण्याने होते. हायड्रोजनच्या जागी दुप्पट जड ड्युटेरियम आला की बंध सावकाश थरथरतो, ते शोषण दृश्य प्रकाशाच्या बाहेर अवरक्तात सरकतं आणि जड पाण्यात हा निळेपणा राहत नाही.

शोषणाचा विषय निघाला म्हणून नैसर्गिक वारंवारतेचं सांगतो, कारण प्रिझममधले रंग तिच्यातून येतात. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीपेक्षा सावकाश ढकललं तर तो थोडासाच हलतो, लय जवळ आली की झोका मोठा होत जातो. काचेतल्या आणि पाण्यातल्या इलेक्ट्रॉनांची स्वतःची लय अतिनील पट्ट्यात आहे. दृश्य प्रकाश त्याहून सावकाश आहे. जांभळा त्या लयीच्या जास्त जवळ, तांबडा दूर. म्हणून जांभळ्याला इलेक्ट्रॉन जास्त डोलतात, माथे जास्त मागे पडतात आणि किरण जास्त वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक ६५६ नॅनोमीटरच्या तांबड्यासाठी १.३३१ आणि ४०५च्या जांभळ्यासाठी १.३४३ आहे. एवढ्याशा फरकातून इंद्रधनुष्याची सुमारे दोन अंश रुंदीची कमान उभी राहते. भिंगात हाच फरक त्रास देतो, प्रत्येक रंगाची प्रतिमा वेगळ्या अंतरावर पडते. कमी अपस्करणाच्या (रंग कमी वेगळे करणाऱ्या) क्राउन काचेचं बहिर्गोल भिंग आणि जास्त अपस्करणाच्या फ्लिंट काचेचं अंतर्गोल भिंग जोडून तो आवरता येतो. जॉन डोलंडने अशा जोडभिंगाचं पेटंट १७५८ साली घेतलं आणि चांगली दुर्बीण आजही त्याच कल्पनेवर उभी आहे.

हे डोलणं इलेक्ट्रॉनांचंच आहे, रेणूंचं नाही, हेही आकड्यांत दिसतं. स्थिर विद्युत क्षेत्रात पाण्याचा परावैद्युतांक, म्हणजे पदार्थ क्षेत्राला किती प्रतिसाद देतो तो आकडा, सुमारे ८०. अपवर्तनांक त्याचं वर्गमूळ असतो, म्हणजे तो ९च्या आसपास यायला हवा होता. पण ८० येतात ते पाण्याचे रेणू क्षेत्राच्या दिशेला वळल्यामुळे, आणि प्रकाशाच्या तालावर आख्खा रेणू वळूच शकत नाही. फक्त हलके इलेक्ट्रॉन साथ देतात, परावैद्युतांक १.७७ उरतो आणि त्याचं वर्गमूळ बरोबर १.३३.

पूर्ण आंतरिक परावर्तनावर फार लिहीत नाही, शाळेत ते नीट शिकवलं जातं. पाण्यातून वर पाहताना ४८.६ अंशांपलीकडचा किरण बाहेर पडत नाही. म्हणून पाण्याखालून वरचं सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीत मावलेलं दिसतं. ऑप्टिकल फायबरचा आधारही हेच तत्त्व. पण फायबरमधलं खरं यश काचेच्या शुद्धतेचं आहे. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं की काचेतलं नुकसान अशुद्धीमुळे होतं आणि ते किलोमीटरला २० डेसिबलच्या (शंभरातला एक भाग उरण्याच्या) खाली आणता येईल. १९७० साली तो टप्पा गाठला गेला. आज ते ०.२ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे एका किलोमीटरला साडेचार टक्के घट. उरलेलं नुकसान मुख्यतः कशामुळे? वितळलेली काच थिजताना तिच्यातले घनतेचे चढउतार तसेच गोठून राहतात, आणि त्यांवरून प्रकाश विखुरतो. रामन यांना समुद्राच्या पाण्यात दिसलेली क्रियाच इथे फायबरची मर्यादा ठरवते.

एक बारकावा राहिला. वर मी ‘माथ्यांचा वेग’ असं मुद्दाम म्हणत आलो, कारण संदेश माथ्यांच्या वेगाने जात नाही. प्रकाशाचा छोटा झोत अनेक रंगांच्या लाटांनी बनतो आणि त्या वेगवेगळ्या वेगांनी जात असल्याने झोताचा शिखरभाग माथ्यांपेक्षा सावकाश सरकतो. १८८०च्या दशकात मायकेलसनने कार्बन डायसल्फाइडमध्ये प्रकाशाचा वेग मोजला, तेव्हा गुणोत्तर १.७६ आलं. अपवर्तनांकानुसार ते १.६४च्या आसपास यायला हवं होतं. प्रयोग बरोबर होता, त्याने झोताचा वेग मोजला होता. हा फरक ताणत नेला तर किती लांब जाता येतं, हे लेने हाऊ यांच्या गटाने १९९९ साली दाखवलं. अतिथंड सोडियम अणूंच्या ढगात त्यांनी प्रकाशाचा झोत सेकंदाला १७ मीटरवर आणला.

‘एकेक फोटॉन पाठवला तर तोही हळू जातो का?’ असंही विचारलं जातं. हो, त्यालाही उशीर होतो. माध्यमात शिरलेला फोटॉन एका अणूकडून दुसऱ्याकडे उड्या मारत नाही. क्षेत्र आणि असंख्य इलेक्ट्रॉनांचं डोलणं मिळून जी एक अवस्था बनते, तिच्या रूपात तो पुढे जातो. आणि पाण्यातला हा कमी वेग इतर कणांना ओलांडता येतो. ०.२६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पाण्यात प्रकाशाला मागे टाकतो, आणि मग त्याच्या वाटेवरच्या रेणूंनी सोडलेल्या लाटा एका शंकूत एकवटतात. अणुभट्टीच्या पाण्यातली निळी प्रभा ती हीच. अशी प्रभा पावेल चेरेन्कोव्हने १९३४ साली अभ्यासली.

मग निर्वातातल्या वेगाने काचेतून काहीच जात नाही का? एक गोष्ट जाते. दिवा अचानक लावला तर लाटेची अगदी पहिली कड काचेत पोचते तेव्हा इलेक्ट्रॉन अजून हललेले नसतात. त्यांना वस्तुमान आहे, डोलायला लागायला काही काळ लागतो. माथे मागे ढकलणारं त्या क्षणी कोणीच नसल्याने ती कड पूर्ण वेगाने, जणू काच नाहीच अशी, पार होते. सोमरफेल्ड आणि ब्रिलुआँ यांनी १९१४ साली हे गणिताने सिद्ध केलं. ती कड अतिशय क्षीण असते. तिच्यामागून इलेक्ट्रॉन लयीत येतात, आणि बाकीचा सगळा प्रकाश नेहमीच्या उशिराने पोचतो.